जडवस्तू

वहीचं नाव जडवस्तू संग्रह.
तिच्यात वजनकाटा आहे, कुकर आहे,
दोन सतरंज्या, एका कानाचा हत्ती,
आणि पान एकोणीसवर माझ्या अक्षरात:
खुर्ची, विशेष, लाकडी, पट्ट्यांसह, नग एक.

माप घेतलं हिंगोलीच्या शिबिरात,
इकरा तेव्हा तीन वर्षं दोन महिन्यांची.
टेप थंड लागला म्हणून हसली.
बसणं आठ इंच, पाठ अकरा.
साहेब म्हणाले, येईल महिन्याभरात.

मग फाइल परत आली, इंच नको, सेंटिमीटर लिहा.
मग आधारवर इकरा, दाखल्यावर इक्रा.
मग आचारसंहिता.
मग त्या लेखाशीर्षाखाली काही शिल्लक नव्हतं,
आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एवढं आलं
की एकतीसच्या आत संपवता संपवता
तालुक्याच्या बाबूचे डोळे सुजले.

तोवर मी तिला कोपऱ्यात बसवायचे,
दोन भिंती दोन बाजूंनी,
पोटाशी जुन्या लुगड्याचं गाठोडं.
बडबडगीताच्या तिसऱ्या ओळीला ती घसरायची.
आम्ही सगळे तिथं थांबायचो.
पोरांना वाटायचं, गाणं असंच आहे,
तिसऱ्या ओळीला इकराला सावरायचं.

टेम्पोतून खुर्ची उतरली. सुबक होती.
पांढऱ्या रंगानं नंबर घातला: अं. ४ / ज. ४१.
इकराला बसवलं,
आणि ती बसलीच नाही.
खुर्ची दोन वर्षांपूर्वीच्या इकराची होती.

खाजाभाई, तिचे वडील, ग्रिल-शटरवाले,
पंजानं खुर्ची मोजली, मग पोरीला मोजलं.
"चार भोकं मारली की बसंल, ताई."
मी पत्र दाखवलं, कलम सहा:
शासकीय साहित्यात फेरफार करू नये.
त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं.
"कामून?" एवढंच म्हणाले.

दुपारी पोरं गेल्यावर
मी दार आतून लावलं
आणि खुर्ची धरून बसले.
ड्रिलचा भुस्सा माझ्या पदरात.
उंबराचं लाकूड असावं, वास गोड होता.

दुसऱ्या दिवशी इकरा ताठ बसली.
पहिलं काम केलं ते हे की
समोरची खिचडीची ताटली उडवली.
ताटली थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, वाजत.
इतक्या लांब तिनं आजवर काही फेकलं नव्हतं.
मथुराबाई ओरडणार होत्या,
पण त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

तपासणीला आलेल्यांनी भोकं मोजली.
जुनी चार, नवी चार.
फेरफाराचं कारण?
वहीत रकाने आहेत: जमा, खर्च, शिल्लक, निर्लेखन.
वाढ, असा रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं, मूल वाढलं.
त्यांनी त्याखाली लाल शाईनं लिहिलं,
खुलासा समाधानकारक नाही.

जूनमध्ये इकरा सहा पूर्ण, पहिलीत.
शाळा अंगणवाडीला लागूनच, मधे चार फुटी भिंत.
खुर्ची जाऊ शकत नाही.
आमचं खातं महिला व बालविकास, त्यांचं शिक्षण.
हस्तांतरणाचा प्रस्ताव दिलाय, माप नव्यानं मागितलंय.
सेंटिमीटरमध्ये दिलं.

सध्या असं चाललंय:
सकाळी मी इकडून उचलते,
पलीकडून तिसरीचे दोघं झेलतात,
चारला परत.
भिंतीच्या वरच्या विटेचा रंग
खुर्चीच्या पायांना लागलाय.

फक्त तपासणीच्या दिवशी
खुर्ची आमच्याकडं असते, पुसून, नंबर समोर,
आणि भिंतीपलीकडं वर्ग
कविता म्हणता म्हणता थांबतो,
तिसऱ्या ओळीला.